पाच शतांश

चार चाकं मिळून ९.६ किलो. एवढं वजन माझ्या गाडीवरून उतरवण्यासाठी मी जे काही केलं, ते शहाण्या माणसाने करू नये. शहाणा म्हणजे शिकलेला असं धरलं तर मी त्यात मोडतो, ही आणखी पंचाईत. पुण्यात इंजिनिअरिंग, मग चाकणच्या पट्ट्यात काही वर्षं ब्रेकचं काम, आणि आता स्टुटगार्टजवळ पुन्हा ब्रेकच. चाक ज्या हबवर बसतं तो हब माझ्या टेबलापासून फार लांब नाही. त्यामुळे ‘मला काय माहीत होतं’ असं म्हणायची सोयही उरलेली नाही.

गाडी पोर्शे केमन एस, २००६ सालची, माझ्या हाती आली तेव्हा बरीच फिरलेली. सीटच्या पाठीमागे ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, २९५ पीएस, रिकामं वजन १३४० किलो, शून्यापासून शंभरपर्यंत ५.४ सेकंद. त्सुफेनहाउजनचा पोर्शेचा कारखाना आमच्या घरापासून लोकलची थोडीच स्टेशनं दूर आहे, म्हणून नातेवाईकांना वाटतं मी गाडी गावातल्या गावात घेतली. प्रत्यक्षात ती फिनलंडमधल्या उसीकाउपुंकी नावाच्या गावी, वालमेटच्या कारखान्यात जुळवलेली आहे. चासी नंबरात तसं ‘यू’ हे अक्षर आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पुण्याची बाकरवडी नगरला बनलेली.” ते असो.

हलक्या चाकांचं वेड या धंद्यातल्या माणसाला लागतं त्याला इतिहासही थोडा कारण आहे. १९२४ साली लिऑनच्या ग्रां प्रीला बुगाटीने टाइप ३५ उतरवली ती ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर. ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. त्या शर्यतीत टायरांनी दगा दिला, पण चाकं अजरामर झाली. १९६६ मध्ये माइनर्ट्सहागनच्या ओटो फुक्स कंपनीने पोर्शे ९११ एससाठी पाच पाकळ्यांचं चाक केलं, ओतून नव्हे तर घडवून. घडवलेल्या धातूचे कण दाबाखाली एका दिशेने बसतात, आत पोकळ्या राहत नाहीत, म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी कमी धातू पुरतो. जपानच्या रेजचं टीई ३७ हे १९९६ चं चाक तर वजनावरूनच नाव घेऊन आलं: १५ इंची चाक, ३.७ किलो. ही नावं आमच्यात शाळकरी मुलांना क्रिकेटपटूंचे आकडे पाठ असावेत तशी पाठ असतात.

आणि त्यासोबत एक मंत्रही. चाकाचा एक किलो कमी केला की गाडीचे आठ किलो कमी झाल्यासारखं असतं. कोणी चार म्हणतो, कोणी दहा. मी आठवर विश्वास ठेवला होता. बारावीच्या फिजिक्समध्ये बसणारा हा हिशोब मी केला नव्हता, कारण उत्तर आवडणार नाही अशी आत कुठेतरी शंका होती.

हिशोब मी नंतर केला, गाडी टोइंगवर चढल्यावर, वाट बघायच्या वेळात. तो इथेच सांगून टाकतो. फिरणारं चाक दोनदा ऊर्जा खातं, एकदा पुढे जाण्यासाठी आणि एकदा स्वतःभोवती फिरण्यासाठी. सगळं वस्तुमान जमिनीला टेकणाऱ्या कडेवर असतं, तरी हा गुणक जास्तीत जास्त दोन झाला असता. आठ कधीच नाही. माझ्या टायरची त्रिज्या ३२ सेंटिमीटरच्या आसपास, तर १८ इंची रिमची कड २३ सेंटिमीटरवर. वाचलेलं सगळं वजन रिमच्या कडेला होतं असं मानलं तरी गुणक दीडच्या पुढे जात नाही. म्हणजे ९.६ किलोचे फार तर साडेचौदा. मी आणि पेट्रोल धरून गाडी १४३० किलोच्या घरात. एक टक्का. ५.४ सेकंदांचा एक टक्का म्हणजे सेकंदाचे पाच शतांश.

९.६ किलो हे साधारण तेरा लिटर पेट्रोलचं वजन आहे. टाकी ६४ लिटरची.

न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. हलक्या चाकाचा खरा फायदा वेगात नसतो, रस्ता धरण्यात असतो. चाक, टायर, डिस्क, कॅलिपर, हब हे सगळं स्प्रिंगच्या खाली लटकतं. खड्डा आला की हे वर उडतं, आणि त्याला परत खाली आणायचं काम स्प्रिंग आणि डॅम्परचं. खाली लटकणारं वजन कमी असेल तर टायर रस्त्याला लवकर परत चिकटतं. एका कोपऱ्याला चाळीसेक किलो धरले तर त्यातले अडीच गेले म्हणजे सहा टक्के. हे जाणवतं. मात्र मी चाकं घेतली ती यासाठी नव्हे. मी ती घेतली त्या आठाच्या आकड्यासाठी, आणि ती सुंदर दिसत होती म्हणून.

चाकं विकणारा तासाभराच्या अंतरावरच्या गावात राहायचा. कोठारात रचून ठेवलेली घडीव चाकं, गडद करड्या रंगाची, बारीक आऱ्यांची. भारतात येताना बॅग तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून आमच्या घरी एक लटकता काटा आहे. तो मी सोबत नेला होता. एकेक चाक काट्याला लावलं. पुढचं ८.१ किलो, मागचं ९.१. माझी मूळची पुढची १०.४, मागची ११.६. काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा होतो. तो माणूस कॉफी पीत माझ्याकडे बघत होता, आणि आज वाटतं की गिऱ्हाईक कसलं आहे हे त्याला तेव्हाच कळलं असणार.

वजनापलीकडे मी काय पाहिलं? पाच बोल्ट, १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर. ते जुळलं की चाक चढतं. चढतं म्हणजे बसतं, असा माझा समज. बाकीचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते वाचलं नाही. पुढच्या चाकावर ईटी ४५ कोरलेलं होतं, माझ्या मूळच्या चाकावर ५७ आहे; ईटी म्हणजे चाक हबवर किती आत बसतं त्याचा मिलिमीटरमधला आकडा. मधलं छिद्र माझ्या हबच्या ७१.६ मिलिमीटरपेक्षा मोठं होतं; ती फट भरायला प्लास्टिकच्या कड्या लागतात, आणि त्या कड्यांची पिशवी त्याने मला दिली त्यात तीनच होत्या. बोल्टची बैठक शंकूच्या आकाराची होती. जर्मनीत मान्यता असलेल्या चाकावर केबीए क्रमांक असतो, किंवा चाकासोबत तपासणीचा अहवाल लागतो. इथे क्रमांक नव्हता आणि अहवाल ‘ईमेलने पाठवतो’ असं तो म्हणाला. मागची बाजू मी वळवून पाहिली, पण कुठे पाहायचं ते न ठरवता.

किंमत थोडी पाडून घेतली. परतताना अगदी विजयी मुद्रेने गाडी चालवल्याचं आठवतं.

टायर निवडतानाही तोच आंधळेपणा. रुंद, कडक बाजूच्या, ट्रॅकवर चालतील अशा टायरांचा सेट घेतला. जुन्या टायरांपेक्षा प्रत्येकी किलोभराहून अधिक जड. टायरचं वजन तर रिमच्याही बाहेर, सगळ्यात लांबच्या कडेला फिरतं, त्यामुळे तिथला एक किलो रिमच्या एका किलोपेक्षा महाग पडतो. चाकांनी जे वाचवलं त्यातलं अर्ध्याहून जास्त टायरांनी खाऊन टाकलं. हेही टोइंगच्या वेळेतच लक्षात आलं. त्या दिवशी एवढा रिकामा वेळ मिळाला नसता तर मी अजूनही आठच्या मंत्रावर जगत असतो.

बसवायचं काम मी घरी केलं. खरं तर हे काम फार सोपं आहे, आणि म्हणूनच ते लोकांकडून बिघडतं. जॅक, पाना, टॉर्क पाना. केमनच्या बोल्टला १३० न्यूटन-मीटर. आकडा मला पाठ होता, आणि तो आकडा पाळला म्हणजे झालं, अशी माझी खात्री होती.

पोर्शेचा मूळ बोल्ट वेगळा असतो. त्याच्या डोक्याखाली गोलाकार कडं असतं, बोल्टवर स्वतंत्र फिरणारं, आणि ते मूळ चाकातल्या तशाच गोलाकार खोबणीत बसतं. नव्या चाकांची खोबण शंकूची. नवे बोल्ट घ्यायचे तर दोन-तीन दिवस थांबावं लागणार होतं आणि शनिवारी मला नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर जायचं होतं. गोल बोल्ट शंकूत घालून पाहिला. गेला. पाना फिरवला, १३० ला कट्ट वाजला. वीसच्या वीस बोल्टांनी कट्ट केलं. आता नरसाळ्यात लिंबू ठेवलं तर ते फक्त एका बारीक वर्तुळावर टेकतं. माझे बोल्ट नेमके तसे टेकले होते. कामाच्या ठिकाणी एखाद्या शिकाऊ मुलाने असं जोडलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता.

कड्या तीन होत्या म्हणून तीन चाकांना घातल्या. डाव्या मागच्या चाकाला कडी नाही. बोल्ट आहेतच की मध्यावर धरायला, असं मनाशी म्हटलं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळं प्रकरण इथे आहे. चाक गाडीवर राहतं ते बोल्टांच्या आधाराने लटकून नव्हे. बोल्टाचं काम फक्त दाबणं. M१४ चा बोल्ट १३० न्यूटन-मीटरने आवळला की साध्या हिशोबाने चार-साडेचार टनांचा दाब तयार होतो. पाच बोल्ट मिळून वीस टनांच्या वर. त्या दाबाने चाकाचा पाठचा सपाट भाग हबच्या तोंडावर घट्ट चिकटतो आणि घर्षणाने सगळा भार पेलला जातो. हा दाब येतो कुठून? आवळताना बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला जातो, तिथून. किती ताणला जातो? ताणल्या जाणाऱ्या भागाची लांबी तीन सेंटिमीटर धरली तर मिलिमीटरचे पाच शतांश.

एवढंच. केसाच्या जाडीहून फारसं वेगळं नाही. आता बोल्ट शंकूमध्ये बारीक रेघेवर टेकला असेल, तर त्या रेघेवरचं मऊ ॲल्युमिनियम चालता चालता दबतं. ते पाच शतांश दबलं की बोल्टातला ताण संपला. टॉर्क पान्याने कट्ट केलं होतं, ते खोटं नव्हतं. पान्याला फक्त फिरवायची ताकद कळते, बोल्ट कशावर टेकलाय ते कळत नाही. सेकंदाचे पाच शतांश मिळवायला गेलो आणि मिलिमीटरचे पाच शतांश हरवून बसलो.

नवं चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरवर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. इथे प्रत्येक टायरवाला बिलासोबत तशी चिठ्ठी देतो. मी टायरवाल्याकडे फक्त टायर चढवून आणि बॅलन्सिंग करून घेतलं होतं, त्यामुळे चिठ्ठी मिळाली नाही. पण नियम माहीत होता. टॉर्क पाना गाडीत होता सुद्धा. ए८१ वरून ए६, मग हॉकेनहाइमच्या तिठ्यावरून ए६१. थांबायला जागा हवी तेवढ्या होत्या. गाडी इतकी छान चालत होती, किंवा मला तसं वाटत होतं, की थांबावंसं वाटलं नाही. फक्त स्टीअरिंग थोडं उडाणटप्पू झालं होतं. ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ते आपोआप ओढलं जाई. ईटी ५७ चं ४५ केलं म्हणजे पुढचं प्रत्येक चाक बारा मिलिमीटर बाहेर सरकलं, आणि स्टीअरिंग ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून टायर लांब गेलं. मग रस्त्याचा प्रत्येक ओरखडा हातात येतो. मला वाटलं, वा, काय फील आहे!

लुडविग्सहाफन गेलं, वर्म्स गेलं. बिंगेनच्या पुढे रस्ता हुन्सरुकच्या डोंगराकडे चढायला लागतो, तिथे सीटखाली बारीक थरथर सुरू झाली. थरथर स्टीअरिंगमध्ये असेल तर पुढचं चाक बघ, सीटमध्ये असेल तर मागचं, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलोय. बॅलन्सिंगचं वजन पडलं असेल असं ठरवून पुढे गेलो. दोन एक्झिट सोडून दिले. मग एका लांबलचक डाव्या वळणानंतर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि मागून ‘टक’ असा आवाज आला. पुन्हा दाबला, पुन्हा ‘टक’. हातापायातलं बळ गेलं म्हणतात तसं झालं. पुढच्या पार्किंगला कसाबसा वेग कमी करत गाडी लावली.

डाव्या मागच्या चाकाचे तीन बोल्ट बोटाने फिरत होते. उरलेले दोनही फार काही धरून नव्हते. हबच्या भोवती करड्या-काळ्या रंगाची पूड. चाक आणि हब एकमेकांवर घासले की ॲल्युमिनियमची अशी पूड पडते. मी ती बोटावर घेतली आणि बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिलो. शेजारून ट्रक जात होते. वाटेत अर्ध्या तासापूर्वी मी ताशी दोनशेच्या आसपास होतो.

मदतीला आलेला एडीएसी या मोटार क्लबचा माणूस निवृत्तीला टेकलेला असावा. त्याने टॉर्च लावून एक नजर टाकली आणि विचारलं, “कुगेल ओडर केगेल?” गोळा की शंकू? मी सांगितलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. “काय काम करता?” एवढं मात्र टोइंगवर गाडी चढवताना विचारलं. मी म्हणालो, आयटीमध्ये आहे.

हे खोटं मी का बोललो ते मला नीट सांगता येत नाही, पण त्या दिवसातल्या सगळ्या गोष्टींत मला त्याचीच लाज जास्त वाटते.

घरी आल्यावर दोन दिवसांनी बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर होते, मिलिमीटरच्या शतांशात आयुष्य काढलेला माणूस. सगळं सांगणार नव्हतो, पण त्यांनी काढून घेतलं. “सीट गोल होती का कोनी?” तोच प्रश्न. मग म्हणाले, “आणि सेंटरला काय होतं?” कडी नव्हती असं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. “अरे बोल्ट सेंटर धरत नसतो. बोल्ट दाबतो. सेंटर बोअर धरतो. हे तुला आठवीत असताना स्कूटरच्या चाकावर दाखवलं होतं मी.” दाखवलं होतं खरंच. आई मागून विचारत होती, काय झालं, काय झालं, त्यावर ते म्हणाले, “काही नाही, चाक ढिलं झालं होतं, आवळलं त्याने.” माझ्यासाठी त्यांनी हे एवढं झाकलं.

चाकं मूळची परत घातली आणि नवी गाडीत टाकून ट्यूफ या वाहन तपासणी संस्थेच्या परीक्षकाकडे गेलो. योग्य बोल्ट आणि कड्या आणल्या तर ही कागदोपत्री चढवता येतील का, एवढंच विचारायचं होतं. बाई माझ्याहून तरुण होत्या. त्यांनी आधी केबीए क्रमांक शोधला. मी जेडब्ल्यूएलचा शिक्का दाखवला. तो जपानी मानकाचा, आणि उत्पादक स्वतःच्या चाचणीवर मारतो. इथे त्याच्यावर काही ठरत नाही, असं त्या म्हणाल्या. भार किती पेलतं याचा आकडा? त्या ॲक्सलवर जेवढा भार मान्य आहे त्याच्या निम्मा तरी एका चाकाने पेलला पाहिजे, आणि ते कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. लिहिलेलं नव्हतं. रुंद टायर आणि कमी ईटीमुळे टायरचा माथा मडगार्डबाहेर येतो का? चाकाच्या मध्यापासून सरळ वर रेघ धरून तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, एवढ्या भागात टायर झाकलेलं असावं लागतं. ते मी मोजलं नव्हतं. अशा चाकांवर रस्त्यावर गाडी आणली की गाडीची मान्यताच रद्द धरली जाऊ शकते, आणि काही झालं असतं तर विमा कंपनी तुमच्याकडे वळली असती, हेही त्यांनी सांगितलं. आवाज अजिबात न चढवता.

मग त्यांनी चाक उलटं केलं आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. रंगाखाली बोटभर लांबीचा उंचवटा. वेल्ड. कधीतरी कड तडकली असणार, कोणीतरी ती जोडून, घासून, वरून रंग मारला होता. घडीव चाकाची ताकद ज्या घडणीतून येते ती वेल्डच्या उष्णतेने तिथे संपते. अशा दुरुस्तीला इथे मान्यता नाही. हे चाक कोणतं? उजवं पुढचं. म्हणजे बोल्ट ढिले झाले नसते आणि मी रिंगवर पोहोचलो असतो, तर हे चाक तिथल्या कारुसेल नावाच्या वळणातल्या काँक्रीटच्या स्लॅबांवर गेलं असतं.

विकणाऱ्याला मी लिहिलं. उत्तर आलं नाही. मला ते अपेक्षितच होतं.

यापुढचा भाग लिहायचा की नाही यावर विचार केला. मी चाकं विकायला काढली. जाहिरात लिहिली: घडीव, अत्यंत हलकी, मी एकदाच वापरलेली, फोटोत लटकत्या काट्यासह. प्रत्येक शब्द खरा होता. बायकोने पडद्यावर वाचलं आणि म्हणाली, “वेल्डचं कुठे लिहिलंयस?” मी म्हणालो, विचारलं तर सांगेन. “तुला विचारायचं सुचलं होतं का?” जाहिरात संध्याकाळपर्यंत होती. एका मुलाचा निरोपही येऊन गेला होता. त्याने फक्त वजन विचारलं होतं. त्याला काही न कळवता मी जाहिरात काढली. चारही चाकांना आरीने आडवा काप दिला, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या गाडीवर चढणार नाहीत, आणि भंगारवाल्याला दिली. ॲल्युमिनियमचा भाव त्या महिन्यात बरा होता.

आता गाडीवर मूळची १८ इंची चाकं आहेत, पुढे २३५, मागे २६५, पोर्शेची ‘एन’ खूण असलेले टायर. नवे बोल्ट घेतले, कारण जुन्यांची कडी त्या शंकूत घासून खराब झाली होती. डावा मागचा हब तपासून घेतला, तोंड घासलं होतं पण वाचला. चाकांवर घातले त्याहून थोडे कमी पैसे घालून चारही डॅम्पर बदलले, कारण जुने थकलेले होते आणि माझ्या ध्यानात ते आलंच नव्हतं. डॅम्पर बदलल्यावर गाडीत जो फरक पडला तो मी चाकांकडून मागत होतो.

शरद ऋतूत अखेर रिंगला गेलो. तिथली नॉर्डश्लाइफ ही ट्रॅकची फेरी २०.८ किलोमीटरची, पर्यटकांना पैसे भरून आपल्या गाडीने चालवता येते, आणि तेव्हा ती कायद्याने एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असते. कारुसेलमध्ये उतरलो तेव्हा मागचं आतलं चाक स्लॅबवरून स्लॅबवर उड्या मारत होतं. तिथे मला पुन्हा वाटलं, इथे अडीच किलो कमी असते तर! तो विचार तेव्हाही चुकीचा नव्हता, आजही नाही.

म्हणून मी मागच्या आठवड्यात एका दुकानातून नव्या घडीव चाकांचा भाव मागवला. अहवालासकट, ७१.६ चं छिद्र, मूळची ईटी, गोल बैठक, भाराचा आकडा कोरलेला. भाव गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आला. बायकोने तो कागद वाचला, आधीच्या हिशोबाचा कागद शेजारी ठेवला आणि म्हणाली, “त्यापेक्षा तेरा लिटर पेट्रोल कमी भर.” मी तिला स्प्रिंगच्या वरचं वजन आणि खालचं वजन यांतला फरक सांगायला लागलो. फरक खरा आहे. त्याला किती पैसे मोजायचे, यावर आमचं अजून ठरायचंय.